जुने फ्रेंच अवजड ट्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिए, विलेम, बेर्नार, युनिक, सोमुआ. या नावांचा नाद लागलेल्या माणसाकडे प्रश्न येत राहतात आणि ते बहुतेक तेच ते असतात. सोप्यापासून किचकटापर्यंत ते इथे लावले आहेत. उत्तरं शक्य तिथे ड्रायव्हरच्या सीटवरून दिली आहेत. या गाड्यांची आठवण काढणारी माणसं कॅटलॉगमधले आकडे क्वचितच सांगतात. ती चढ सांगतात, आवाज सांगतात, कुठे जेवायला थांबायचो ते सांगतात.

1. ‘जुने फ्रेंच ट्रक’ म्हणजे नक्की कोणत्या काळातले?

ढोबळमानाने पहिल्या महायुद्धापासून 1980 पर्यंतचे. 1980 ला बर्लिए हे नाव गाड्यांवरून उतरलं (प्र. 14), म्हणून बहुतेक शौकीन रेघ तिथे ओढतात. पण ज्यांच्याबद्दल लोक डोळे मिटून बोलतात ते ट्रक 1945 ते 1970 या काळातले: लांब नाकाचे, डिझेलवर चालणारे, मोटरवे नसलेल्या फ्रान्समध्ये रात्ररात्र धावणारे.

2. एवढ्या कंपन्या! सुरुवात कुठून करू?

बर्लिएपासून करा. ल्यों शहरातली ही कंपनी मारियुस बर्लिए यांनी काढली आणि पुढे शेजारच्या व्हेनिसिएला तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला. युद्धानंतरचा तिचा जीएलआर हा लांब बॉनेटचा ट्रक फ्रान्सच्या कुठल्याही जुन्या रस्त्याच्या फोटोत सापडतोच.

मग विलेम. लुई विलेम यांनी पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचे उरलेले लिबर्टी ट्रक घेऊन ते दुरुस्त करून विकायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे नांतेरला स्वतःचे ट्रक बांधले. 1950 च्या दशकातल्या विलेमचं पुढे झुकलेलं नाक पाहून लोकांनी त्याला ‘शार्कचं नाक’ असं नाव दिलं. माझ्या मते आजवर बांधलेल्या ट्रकमधला सर्वांत देखणा चेहरा तोच, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे.

बेर्नार हा ट्रकवाल्यांचा ट्रक. पॅरिसजवळ आर्कयला बनायचा. त्यात ब्रिटिश गार्डनर इंजिनं परवान्याखाली बनवून बसवत, आणि टिकाऊपणाच्या बाबतीत ही गाडी भारी किमतीची पण खात्रीची मानली जाई. युनिकने आपल्या ट्रकना डोंगरांची आणि खिंडींची नावं दिली: इझोआर, व्हेर्कोर, लोतारे. सोमुआ सेंतुआंची, श्नायडर उद्योगसमूहाशी जोडलेली. तिचा जेएल 15 युद्धानंतरच्या वर्षांत बराच खपला. लातिल सगळ्यांत वेगळी: 1913 च्या तिच्या टीएआर ट्रॅक्टरची चारही चाकं ओढायची आणि चारही वळायची. तोफा ओढायला तो पहिल्या महायुद्धात वापरला गेला.

रेनो आणि सित्रोएन अर्थातच होत्या. पण शौकिनांच्या मनात त्यांना मोटारीवाल्यांचे ट्रक अशी किंचित खालची जागा आहे. ते अन्यायाचं आहे, तरी आहे.

3. बर्लिएच्या तोंडावर रेल्वे इंजिन कशाला?

1905 मध्ये अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे अल्कोने, बर्लिएच्या मोटारी अमेरिकेत बनवण्याचा परवाना विकत घेतला. त्या पैशावर कारखाना वाढला आणि बर्लिएने समोरून दिसणारं अमेरिकन वाफेचं इंजिन, पुढच्या गुरं-हटव्या जाळीसकट, आपलं बोधचिन्ह केलं. पुढे ते साधं होत होत रेषांचं झालं, पण शेवटपर्यंत राहिलं. ही अल्को म्हणजे तीच, जिचं डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन पुढे भारतीय रेल्वेत आलं आणि कल्याण-पुण्याच्या शेडमध्ये अनेक दशकं घुमलं.

4. व्हर्दंच्या लढाईत ट्रकांनी नेमकं काय केलं?

पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दंला जाणारी रेल्वे जर्मन तोफांच्या टप्प्यात आली होती. मुख्य आधार उरला तो बार-ल-द्युक ते व्हर्दं हा साधारण 75 किलोमीटरचा अरुंद रस्ता. माणसं, दारूगोळा, अन्न बहुतेक त्यावरून ट्रकनी नेलं. ऐन गर्दीत सरासरी दर 14 सेकंदांनी एक गाडी जात होती. नियम एकच: रांग थांबायची नाही. गाडी बंद पडली की ढकलून बाजूला. रस्ता उखडला तर बाजूला उभे असलेले मजूर-सैनिक चालत्या चाकांखाली खडी टाकत, आणि ट्रकच ती दाबून बसवत.

तिथे नाना जातीच्या गाड्या होत्या, पण नाव राहिलं बर्लिए सीबीएचं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना साखळी, भरीव रबराचे टायर. हवेचा टायर नाही म्हणजे पंक्चर नाही, पण प्रत्येक दगड थेट मणक्यात. या रस्त्याला पुढे ‘पवित्र मार्ग’ म्हणू लागले आणि त्याच्या मैलाच्या दगडांवर सैनिकी शिरस्त्राण कोरलेलं आहे.

5. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात. मग जुन्या ट्रकचं स्टेअरिंगही उजवीकडे कसं? फोटो उलटा छापलाय का?

फोटो बरोबर आहे. मोटारींचं स्टेअरिंग डावीकडे गेल्यावरही फ्रान्समधल्या अवजड गाड्या 1950 च्या दशकापर्यंत बऱ्याच प्रमाणात उजव्या स्टेअरिंगच्याच राहिल्या. रस्ते अरुंद, कडा कच्च्या, डोंगरात बाजूला दरी. ड्रायव्हरला समोरच्या गाडीपेक्षा आपलं उजवं चाक कुठे आहे याची काळजी जास्त. कडेला बसला की डोकं बाहेर काढून चाक दिसतं.

ओव्हरटेक करताना मात्र तोच ड्रायव्हर आंधळा. तिथे शेजारचा माणूस ‘ये’ म्हणेल तेव्हाच गाडी बाहेर काढायची. गाड्यांचा वेग आणि गर्दी वाढली तसा हा हिशेब उलटला आणि स्टेअरिंग डावीकडे गेलं. जुना ट्रक घेणारा भारतीय माणूस त्या सीटवर बसून क्षणभर घरी असल्यासारखा वाटून घेतो, मग समोरून गाडी येते.

6. चालवायला खरंच एवढा त्रास होता का, की म्हातारी माणसं रंगवून सांगतात?

थोडं रंगवतात, पण फार नाही. पॉवर स्टेअरिंग नसलेली, पुढच्या एक्सलवर जड इंजिन घेतलेली गाडी जागच्या जागी वळवायला दोन्ही हात आणि खांदे लागत. स्टेअरिंगचा घेर एवढा मोठा का, याचं उत्तर तेच. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचे फेरे आपोआप जुळवणारी सोय, नाही. म्हणजे डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, खालच्या गिअरला जायचं तर अ‍ॅक्सिलरेटर मारून फेरे जुळवा, परत क्लच दाबा, मग दांडा टाका. आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना हे सांगायला नको. चढावर हे एकदा चुकलं की गाडी थांबलीच, आणि भरलेली गाडी चढावर परत उचलणं हा वेगळा ताप.

त्यात केबिनला उष्णतारोधक काही नाही. इंजिन बॉनेटखाली पुढे असेल तर उन्हाळ्यात पाय भाजत. केबिन इंजिनावर आली तेव्हा रस्ता चांगला दिसायला लागला, पण आवाज थेट मांडीशेजारी आला. लांबच्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर असत, एक चालवायचा, दुसरा सीटमागच्या फळीवर झोपायचा. झोप लागायची का, असं विचारलं की सगळे हसतात.

7. जो तो नॅशनल 7 ची आठवण का काढतो?

कारण तो पॅरिसहून ल्योंमार्गे भूमध्य समुद्राकडे आणि इटलीच्या सीमेवरच्या मांतोंपर्यंत जाणारा, जवळपास हजार किलोमीटरचा रस्ता होता, आणि मोटरवे येईपर्यंत दक्षिणेचा सगळा माल त्यावरूनच वर चढायचा. प्रोव्हान्समधली फळं-भाजी, कावायोंचे खरबूज संध्याकाळी भरायचे आणि पॅरिसच्या मधोमध असलेल्या ले हाल बाजारात पहाटेला पोचवायचे. उशीर झाला की भाव पडला.

वाटेत प्रत्येक गावाच्या मधून रस्ता. अरुंद पूल, चर्चच्या कोपऱ्यावर काटकोनी वळण, दोन्ही बाजूंना प्लेन या चिनारच्या जातीतल्या झाडांची रांग. रात्री समोरून येणारे दिवे पिवळे. 1937 पासून 1993 पर्यंत फ्रान्समध्ये पिवळ्या हेडलाइटचा नियम होता, त्यामुळे त्या काळातल्या सगळ्यांच्या आठवणीतली रात्र पिवळीच आहे.

आणि मग रोआन आणि तारारमधली पें-बुशेंची खिंड. उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे आल्प्सच्या मानाने काहीच नाही, पण शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचं इंजिन आणि मागे भरलेला ट्रेलर असला की पुरे. चढताना माणूस चालत पुढे जाईल असा वेग. रेडिएटर उकळायचा. आणि वर पोचल्यावर सुटका नाही, कारण खरी भीती उताराची (प्र. 8).

पॅरिस-ल्यों-मार्सेय मोटरवे 1970 मध्ये सलग पुरा झाला. त्याच्या आदल्या वर्षी ले हालचा घाऊक बाजार शहराबाहेर रंजीसला गेला. दोन वर्षांत नॅशनल 7 चं रात्रीचं जग संपलं. तंत्रज्ञानापेक्षा या एका घटनेने आठवणी जास्त पिकवल्या, असं माझं मत.

8. उतारावर ब्रेकचं काय करत?

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा पहिला धडा. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात, तापले की धरत नाहीत, आणि मग 30 टनांना विनंती करून उपयोग नसतो. एक्झॉस्टचा मार्ग अडवून इंजिनालाच ब्रेक बनवण्याची युक्तीही होती.

पण फ्रेंचांची खास देणगी म्हणजे टेल्मा. राउल साराझें यांनी 1936 मध्ये या विद्युतचुंबकीय रिटार्डरचं, म्हणजे गाडीचा वेग रोखणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं. गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलमधल्या शाफ्टवर लोखंडी चकत्या फिरतात, शेजारी विद्युतचुंबक असतात. हँडल ओढलं की चुंबकात वीज जाते, चकत्यांमध्ये भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. काही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. उष्णता मात्र निर्माण होतेच, ती चकत्यांच्या पंख्यांतून बाहेर जाते. डोंगरी मार्गावरच्या बस आणि ट्रकवाल्यांनी तो मनापासून स्वीकारला. ज्यांच्या गाडीत टेल्मा नव्हता ते ज्यांच्या गाडीत होता त्यांच्याबद्दल अजूनही थोड्या असूयेने बोलतात.

9. ‘रले रूतिए’ म्हणजे काय?

रस्त्याकडेचं जेवणघर, आपला हायवेवरचा ढाबा. 1934 मध्ये फ्रांस्वा द सोलिए यांनी ट्रकवाल्यांसाठी एक पत्र सुरू केलं आणि त्यातून चांगल्या, स्वस्त जेवणघरांची यादी वाढत गेली. मान्यता मिळालेल्या दारावर लाल-निळी गोल पाटी लागे. ट्रक उभे करायला जागा, भरपेट थाळी, शक्यतो अंघोळ आणि खोली. लांब सामाईक टेबल, अनोळखी माणूस शेजारी, आणि पुढच्या रस्त्याची खबर फुकट. तेव्हा टेबलावर वाइनही असे, हेही खरं.

10. बर्लिएच्या इंजिनाचा आवाज वेगळा का येतो?

काही बर्लिएंना पाच सिलिंडरचं इंजिन होतं, जवळपास 8 लिटरचं. चार स्ट्रोकच्या पाच सिलिंडर इंजिनात दर 144 अंशांना एक स्फोट होतो. चार किंवा सहा सिलिंडरची सरळ लय कानाला सवयीची असते, हिची लय किंचित लंगडी, घोगरी. सहा सिलिंडरपेक्षा इंजिन आखूड, चारपेक्षा ताकद जास्त. तोच प्रकार सैन्याच्या जीबीसी ट्रकमध्ये होता, तिथे तो डिझेलशिवाय इतर इंधनांवरही चाले. जाणकार माणूस गाडी वळणापलीकडे असतानाच ओळखतो.

11. फ्रेंच ट्रक दोनच एक्सलवर एवढा भार कसे घेत?

कायद्यामुळे. फ्रान्सने एका एक्सलवर 13 टनांपर्यंत परवानगी दिली होती. शेजारी जर्मनीत ती 10 टन होती. म्हणून फ्रान्समध्ये दोन एक्सलचा ट्रक एकूण 19 टनांचा असू शकायचा. तिसऱ्या एक्सलचा खर्च, वजन आणि टायर वाचले. त्यामुळे फ्रेंच गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे आणि एक्सल बघितले तर जाड वाटतात. हीच गाडी सीमा ओलांडून नेताना मालकाला माल कमी भरावा लागे. पॅरिसच्या रस्त्यांचं काय झालं, ते रस्ते दुरुस्त करणाऱ्यांना विचारा.

12. बर्लिए टी 100 खरंच जगातला सर्वांत मोठा ट्रक होता का?

1957 मध्ये आला तेव्हा तसाच गाजवला गेला आणि त्या वेळी दावा खोडणं अवघड होतं. अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात हासी मेसौदला 1956 मध्ये तेल सापडलं होतं, आणि वाळवंटात अवजड यंत्रं सुटी न करता न्यायची होती. म्हणून सहा चाकांचा, जवळपास 5 मीटर रुंद, 15 मीटर लांब हा राक्षस. चाकं माणसापेक्षा उंच, 2 मीटर 20 सेंटिमीटर व्यासाची. इंजिन अमेरिकन कमिन्सचं, 12 सिलिंडरचं. भरल्यावर वजन 100 टनांच्या वर. पॅरिसच्या प्रदर्शनात तो दालनात मावला नाही, बाहेर उभा केला आणि लोकांनी बाहेरच गर्दी केली.

एकूण चारच बांधले. एक हासी मेसौदला उभा आहे, एक फ्रान्समध्ये जतन केलेला आहे (प्र. 16). धंदा म्हणून बघितलं तर तो फसला असं म्हणता येईल. जाहिरात म्हणून बघितलं तर इतका वसूल झालेला ट्रक दुसरा नाही: आजही लोक विचारतातच ना.

13. वाळवंटातलं ते एकटं झाड बर्लिएने पाडलं, हे खरं का?

नाही. दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. बर्लिए-तेनेरे मोहीम 1959 च्या नोव्हेंबरात अल्जीरियातल्या वार्ग्लाहून निघाली आणि 1960 च्या सुरुवातीला परतली. गझेल नावाचे सहाही चाकं ओढणारे जीबीसी ट्रक चाडमधल्या फोर-लामीपर्यंत (आजचं एन्जामेना) जाऊन आले, बरोबर शास्त्रज्ञ होते, आणि वाटेत लावलेले दिशादर्शक खांब ‘बर्लिएचे खांब’ म्हणून नकाशांवर आले.

नायजरमधल्या तेनेरे वाळवंटातलं प्रसिद्ध बाभळीचं झाड 1973 मध्ये एका ट्रकच्या धडकेने पडलं, म्हणजे मोहिमेनंतर तेरा-चौदा वर्षांनी. त्याचं खोड नियामेच्या संग्रहालयात आहे आणि जागेवर धातूचं झाड उभं केलं आहे.

14. एवढ्या सगळ्या कंपन्या गेल्या कुठे?

एकेक करून एकमेकींच्या पोटात. युद्धानंतर सरकारच्या पोंस योजनेने छोट्या कंपन्यांना गटांत बांधायचा प्रयत्न केला: बेर्नार, युनिक, दलाए, लाफ्ली एका गटात, सोमुआ, विलेम, पानार दुसऱ्यात. मनं जुळली नाहीत. 1955 मध्ये रेनोचा अवजड विभाग, सोमुआ आणि लातिल मिळून साविएम झाली. बेर्नार 1963 मध्ये अमेरिकन मॅककडे गेली आणि 1966 मध्ये बंद पडली. युनिक 1966 मध्ये फियाटची झाली आणि 1975 मध्ये इव्हेकोत विरली. विलेमने ब्रिटिश एईसीची इंजिनं घेऊन पाहिली, पण 1970 मध्ये ती बुडाली. बर्लिए 1967 मध्ये सित्रोएनकडे आणि 1970 च्या दशकाच्या मध्यात रेनोकडे गेली. 1978 मध्ये साविएमबरोबर मिळून तिची रेनो व्हेइक्युल एंद्युस्त्रिएल ही कंपनी झाली, आणि 1980 ला बर्लिए हे नाव गाड्यांवरून उतरलं.

कारण फार गूढ नाही. प्रत्येकाला स्वतःचं इंजिन, स्वतःची केबिन, स्वतःचा गिअरबॉक्स हवा होता, आणि वर्षाला काही शे गाड्या विकून तो खर्च निघत नाही. बेर्नारची गाडी वाईट होती म्हणून कुणी सोडली नाही.

बर्लिएच्या बाबतीत आणखी एक वळण आहे, ते टाळून चालणार नाही. जर्मन ताब्याच्या काळातल्या सहकार्याबद्दल मारियुस बर्लिए यांना युद्धानंतर शिक्षा झाली, कारखाना जप्त झाला आणि काही वर्षं कामगारांच्या सहभागाने चालला. 1949 मध्ये मारियुस वारले आणि त्याच वर्षी कंपनी कुटुंबाकडे परतली. ल्योंमध्ये यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात.

15. म्हणजे बर्लिए पूर्ण संपली?

फ्रान्समध्ये नाव संपलं, बाहेर गाड्या चालू राहिल्या. अल्जीरियात रुइबाचा कारखाना पुढे राष्ट्रीय कंपनीकडे गेला आणि बर्लिएच्या वंशातल्या गाड्या बनवत राहिला. चीनमध्ये 1960 च्या दशकात बर्लिए जीसीएचवर आधारित होंगयान सीक्यू 260 हा सैनिकी ट्रक बांधला गेला. पोलंडच्या येल्चने बर्लिएची बस परवान्याखाली बनवली.

भारतात मात्र ही मंडळी सर्रास आली नाहीत. आपल्या रस्त्यांवर टाटा-मर्सिडीज, लेलँड, बेडफर्ड आणि डॉज-फार्गोचं राज्य होतं. विलेममध्ये ज्या एईसीची इंजिनं बसली, तिच्याच डबलडेकर मुंबईत बेस्टकडे होत्या. याहून जवळचा धागा मला सापडलेला नाही.

16. आज हे ट्रक कुठे बघायला मिळतील?

ल्योंच्या मारियुस बर्लिए फाउंडेशनचा मोठा संग्रह एं जिल्ह्यात ल मोंतेलिए इथे आहे, टी 100 सकट. रोज तिकीट काढून शिरण्यासारखं संग्रहालय ते नाही, आधी विचारून जा. चालते ट्रक बघायचे तर लापालिसला जा. नॅशनल 7 वरच्या या गावात दर दोन वर्षांनी जुन्या गाड्या जमवून 1950-60 च्या दशकातली सुट्टीतली वाहतूक कोंडी मुद्दाम घडवतात. ज्या कोंडीला तेव्हा लोक शिव्या घालत, तिच्यासाठी आता लांबून येतात.

आणखी एक जागा कुणी सांगत नाही: जत्रेवाले. पाळणे आणि झुले घेऊन फिरणाऱ्यांनी स्वस्तात विकले जाणारे जुने विलेम, बेर्नार, सोमुआ घेतले आणि अनेक वर्षं वापरले. बरेच ट्रक भंगारात न जाता वाचले ते त्यांच्यामुळे. फक्त रंग भडक असेल आणि चेसिस मधूनच कापलेली असेल.

17. ट्रक नाही परवडत, मॉडेल कुठली घेऊ?

डिंकी टॉइजच्या फ्रेंच कारखान्याने बर्लिए, युनिक आणि लाकडाचे ओंडके वाहणारा विलेम केला होता. जुने, खोक्यासकट महाग पडतात. 1:43 प्रमाणातल्या अलीकडच्या मालिका तपशिलात सरस आहेत आणि खिशालाही झेपतात.

18. एखादा विकत घेऊन भारतात आणता येईल का?

स्वप्न बघायला हरकत नाही. फ्रान्समध्ये 30 वर्षांवरची गाडी ‘संग्राह्य’ म्हणून नोंदवता येते, तरी अवजड गाडीला अवजडचंच लायसन्स लागतं. भारतातले 2021 चे व्हिंटेज नियम 50 वर्षांवरच्या, खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, मालट्रक डोळ्यासमोर ठेवून ते लिहिलेले नाहीत. शिवाय सुटे भाग. विलेमचा गिअरबॉक्स फुटला तर कोल्हापुरात तो लेथवर बनवून मिळेलही, पण आधी त्याचं मापांसकट रेखाचित्र हवं.

19. फोटोतला ट्रक ओळखताना नेहमी फसतो. काही खूण?

लांब नाकाच्या गाड्या सोप्या: जाळी बघा, नाव बहुधा तिथेच असतं. गोंधळ 1967 नंतरचा. साविएम आणि ‘मान’ (MAN) ही जर्मन कंपनी यांनी करार केला, साविएमची केबिन मानच्या ट्रकवर आणि मानचं इंजिन साविएममध्ये आलं. त्यामुळे तीच केबिन दोन नावांनी दिसते. 1971 मध्ये साविएम, व्होल्वो, डाफ आणि मागिरुस हे चौघे एकत्र आले आणि 1975 पासून मध्यम वजनाच्या ट्रकसाठी त्यांनी एकच केबिन वाटून घेतली, तिथे तर जाळी झाकली तर मुरलेला माणूसही चकतो. 1978 ते 1980 मधल्या बर्लिएंचं तर काही खरं नाही. नाव बर्लिए, खाली रेनोची कागदपत्रं, आणि नंतर कुणी मालकाने हौसेने उलटसुलट बिल्ले लावलेले. अशा वेळी चेसिसवरची पाटी वाचा आणि फोटो पाठवताना तीही दिसेल असा काढा.